वहीचं डावं पान

आदरणीय ताई,

मी कऱ्हाडला राहते. जन्म 1981 चा, वय 44, रास मेष. गेल्या वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवसापासून मला साडेसाती लागली आहे.

दहावीनंतर आईच्या मशिनवर शिवण शिकले. अठरा वर्षांची असताना वडील गेले. 2001 मध्ये लग्न झालं. माणूस चांगला मिळाला, सासूबाईही मायाळू. घरी ब्लाउज शिवते. सगळं बरं चाललं होतं, पण साडेसाती लागली आणि एकामागून एक सुरू झालं. मी वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय. एप्रिलमध्ये गीझर जळाला. जूनमध्ये यांची बढती हुकली. गणपतीत सासूबाई मोरीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. रात्री दोनला शेजारच्या भाऊजींनी गाडी काढली म्हणून वेळेत दवाखान्यात पोचलो. आता काठी घेऊन चालतात. ऑक्टोबरात मुलाला डेंग्यू, पेशी 30 हजारांवर आल्या होत्या. जानेवारीत एसटीत पर्स राहिली. कंडक्टरने डेपोत जमा केली होती म्हणून मिळाली, पण दोन दिवस जिवाला घोर. शिवणकामही निम्म्यावर आलं.

एका ज्योतिषांकडे गेले. साडेसात वर्षं नवीन काही सुरू करू नका, मुलीला लांब पाठवू नका, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडूनच 22 हजारांचा नीलम घेतला, जप आणि शांतीचे 15 हजार वेगळे. आता म्हणतात, खडा लागू पडत नाही, मोठा घ्या. शनिशिंगणापूरलाही जाऊन आले. कुणाची नजर नको म्हणून गेल्या श्रावणापासून भिशी बंद केली. स्टँडजवळ एक गाळा मिळत होता, भाडं 4,500, तो सोडला. मुलगी बारावी झाली, पुण्याला फार्मसीला जायचं म्हणते. मी नको म्हणून अडून बसले आहे. पहाटे तीनला जाग येते ती येतेच.

माझ्या नशिबात सुख कधी आहे? आणि तोवर कोणता उपाय करू?

— एक वाचक, कऱ्हाड

*

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती आणि काही ओळींखाली मी रेघा मारल्या. त्या ओळींकडे येतेच, पण आधी शनीबद्दल बोलू. तुमची झोप त्याच्या नावाने उडाली आहे.

माझ्याही घरून शनिवारी मारुतीला तेल जातं, तेव्हा श्रद्धेला धक्का लावायला मी बसलेली नाही. फक्त साडेसातीचा हिशेब तुमच्यासमोर मांडते. शनी म्हणजे शनैश्चर, सावकाश चालणारा. सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा, म्हणून एका राशीत त्याचा मुक्काम साधारण अडीच वर्षांचा. आपल्या राशीच्या आधीची रास, आपली आणि पुढची अशा तिन्हींची मिळून साडेसात वर्षं होतात, तीच साडेसाती. 29 मार्च 2025 ला शनी मीन राशीत गेला आणि तुमच्या मेषेची सुरू झाली. कुंभ आणि मीन राशीवाल्यांची आधीपासून चालूच होती.

आता हे बघा. बारांपैकी तीन राशींना ती कायम चालूच असते. म्हणजे कुठल्याही दिवशी, कुठल्याही गावात, चारातल्या एका माणसाला साडेसाती असते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख होती. त्याचा चौथा हिस्सा केला तरी 2 कोटी 80 लाखांच्या वर जातो. या क्षणी एवढी माणसं साडेसातीत आहेत आणि त्यांच्यात आज कुणाचं लग्न ठरतंय, कुणाला पेढे वाटायचेत, कुणाच्या घरी पाळणा हलतोय. तुमची भिशी बारा जणींची असेल, तर त्यातल्या सरासरी तिघींना साडेसाती आहे. त्या तिघींनी भिशी सोडलेली नाही.

ही साडेसाती तुमची पहिली नव्हे, हे तुम्हाला कुणी सांगितलं का? आधीची 1996 च्या सुमारास लागली आणि 2002 च्या मध्याला संपत आली. आता तुमचंच पत्र उघडा. दहावीनंतर आईच्या मशिनवर शिवण शिकलात, ते याच काळात. ज्या कामावर आज चार पैसे मिळवता, ते साडेसातीत हाताला लागलं. 2001 मधलं लग्न साडेसातीतलं. चांगला माणूस आणि मायाळू सासूबाई याच काळात घरात आल्या. आणि अठराव्या वर्षी वडील गेले, तेही याच काळात. मी ते झाकणार नाही. एवढा मोठा घाव आणि एवढं मोठं देणं, दोन्ही त्याच सहा-सात वर्षांत तुमच्या वाट्याला आलं. मग तो काळ वाईट होता म्हणायचं की चांगला? तुम्ही तरी सांगू शकाल का? मला नाही सांगता येणार.

ज्योतिषांचा विषय फार ताणत नाही. जो भीती घालतो तोच उतारा विकत असेल, तर तिथून उठायचं. मोठा खडा घेऊ नका. घेतलेल्या नीलमचं बिल आणि रत्नपरीक्षेचा दाखला लेखी मागा, आणि यापुढे एक रुपयाही देऊ नका. आतापर्यंत गेलेले 37 हजार म्हणजे त्या गाळ्याचं आठ महिन्यांचं भाडं होतं. हे टोचायला लिहीत नाही. घाबरलेल्या माणसाकडून असे पैसे जातात, शहाण्या माणसांकडूनही जातात. स्वतःला दोष देत बसू नका.

आता पेन्सिलच्या खुणा.

पहिली रेघ, ‘रात्री दोनला शेजारच्या भाऊजींनी गाडी काढली’. दुसरी, ‘आता काठी घेऊन चालतात’. तिसरी कंडक्टरच्या खाली. चौथी रेघ मारायला ओळच सापडली नाही. मुलाला डेंग्यू झाला, पेशी 30 हजारांवर आल्या, असं लिहून तुम्ही थेट जानेवारीत गेलात. मुलगा बरा झाला हे तुम्ही लिहिलंच नाही! मला ते अंदाजाने कळलं. ताई, त्या आठवड्यात रोज रक्ताचा रिपोर्ट हातात घेताना तुम्ही देवाला काय काय बोलला असाल, ते मी ओळखू शकते. मग एके दिवशी पेशी चढल्या. तो दिवस तुमच्या वहीत आहे का? तारखेसकट आहे का?

तुमची वही खोटी नाही. तिच्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे आणि त्यातलं दुःख दुःखच आहे. खुब्याचं ऑपरेशन म्हणजे पैसा, जागरण, म्हाताऱ्या माणसाचं कण्हणं, आणि हे सगळं घरातल्या बाईच्या अंगावर येतं. पण ती वही तुम्ही साडेसातीच्या नावाने उघडलीत, म्हणून तिच्यात साडेसातीचंच उतरलं. गीझर याआधीही जळाला असेल. तेव्हा तुम्ही मेकॅनिकला बोलावलं आणि विसरून गेलात. आता गीझरची साक्ष नोंदवली गेली. एखादं नाव मनात धरून गर्दीत बघत राहिलं की तीच माणसं दिसू लागतात, तसंच हे.

रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यांनी विद्यार्थ्यांचे गट केले आणि दहा आठवडे, आठवड्यातून एकदा त्यांना लिहायला लावलं. एका गटाने ज्याबद्दल मनात कृतज्ञता आहे अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या. दुसऱ्याने त्या आठवड्यातले त्रास आणि कटकटी लिहायच्या. तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या गोष्टी. दहा आठवड्यांनंतर पहिल्या गटातली मुलं आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी होती आणि येणाऱ्या आठवड्याकडे अधिक आशेने बघत होती. तुम्ही गेलं वर्षभर, कुणी न सांगता, दुसऱ्या गटात बसून लिहीत आहात.

ती वही फाडू नका. तीच घ्या. उजव्या पानावर तुमच्या तारखा असतील, समोरचं डावं पान बहुधा कोरं असेल. तिथे लिहायचं. रोज नको, रोजचं काम झालं की नुसत्या पाट्या टाकणं होतं. शनिवार तुम्ही शनीसाठी पाळत असालच, तर शनिवारी संध्याकाळी दिवा लावून झाला की दहा मिनिटं बसा. गेल्या वर्षापासून सुरुवात करा. गणपतीतल्या नोंदीसमोर भाऊजींचं नाव लिहा, ते कुठल्या कपड्यांत धावत आले ते लिहा. ऑक्टोबरसमोर पेशी चढल्याची तारीख लिहा, रिपोर्ट घरात असेल, शोधा. जानेवारीसमोर कंडक्टर. नाव माहीत नसेल तर डेपोत जाऊन विचारा आणि जमलं तर त्यांना चहा पाजून या. ‘देवाची कृपा’ एवढं मोघम लिहून पान मिटू नका. कोण, कधी, काय केलं, इतकं बारीक लिहा. ब्लाउजचं माप घेताना ‘साधारण छत्तीस’ म्हणून चालतं का तुम्हाला?

आता भिशी. तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य मला हेच वाटलं आणि तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात.

माझं लहानपण वाईला गेलं, तुमच्याच कृष्णेच्या काठी, जरा वरच्या अंगाला. घरात एक आत्या होती, शाळेत शिकवायची. तरुणपणीच एकटी पडलेली बाई. दिवेलागणीला आम्ही पोरं घरात आलो की सगळ्यांना तिचा एकच प्रश्न असायचा, ‘आज कोण भेटलं?’ अभ्यास झाला का, कुठे धडपडलास, हे नंतर. आधी कोण भेटलं ते सांगायचं. कुणी भेटलं नाही म्हटलं की तिला खरंच वाईट वाटायचं, उपाशी राहिल्यासारखं. मग ती म्हणायची, जा, शेजारी वाटीभर ताक देऊन ये. पुढे माझ्या भावाला नोकरी लागली ती अशाच एका ताक दिलेल्या घरातल्या माणसाने जागा निघाल्याचं सांगितलं म्हणून. आम्ही त्याला नशीब म्हणायचो.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये नेमकं हेच दाखवलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, ही खबर देणारा माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? बहुतेकांनी सांगितलं, अधूनमधून किंवा क्वचित. घरच्या आणि रोजच्या माणसांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नवी खबर येते ती महिन्या-दोन महिन्यांतून भेटणाऱ्या माणसाकडून.

तुमच्या धंद्यात हे किती खरं आहे ते तुम्हीच बघा. कऱ्हाडात ब्लाउज शिवणाऱ्या बायकांना तोटा नाही. मग तुमच्याकडे गिऱ्हाईक का यायचं? भिशीत एकीने तुम्ही शिवलेला ब्लाउज घातला, दुसरीने पाठीचा गळा बघितला, तिच्या नणंदेचं लग्न निघालं आणि अस्तराचे आठ ब्लाउज तुमच्याकडे आले. बारा घरांची तुमची जाहिरात दर महिन्याला फुकट होत होती. श्रावणात तुम्ही ती बंद केलीत. आता वहीत बघा, काम निम्म्यावर आल्याची नोंद श्रावणाच्या आधीची आहे की नंतरची? मी इथे बसून सांगते, नंतरची निघेल. आधीची निघाली तर मला कळवा, मी माझं म्हणणं मागे घेईन.

तुम्ही नजर लागू नये म्हणून दार लावून घेतलंत आणि त्याच दाराने यायचं होतं ते बाहेर राहिलं. शनिशिंगणापूरला जाऊन आलात ना? तिथली परंपरा काय आहे आठवा. शनीचं गाव, आणि घरांना दारं नाहीत.

तेव्हा या महिन्याची भिशी धरा. कारण सांगत बसू नका, ‘सासूबाईंच्या दुखण्यात अडकले होते’ म्हणा, ते खरंच आहे. जाताना स्वतः शिवलेला ब्लाउज घालून जा.

गाळ्याबद्दल मात्र मी लगेच ‘घ्या’ म्हणणार नाही. साडेसाती असो नसो, भाडं दर महिन्याला द्यावं लागतं. अस्तर, दोरा, हूक जाऊन एका ब्लाउजमागे समजा 150 रुपये सुटतात. मग 4,500 भाड्यासाठी महिन्याला 30 ब्लाउज लागतात. हे तीस मालकाचे, एकतिसावा तुमचा पहिला. सध्याच्या निम्म्या कामावर हे झेपणार नाही. आधी घरातूनच काम पूर्वीइतकं करा, सहा महिन्यांचं भाडं बाजूला टाका, फॉल-पिकोसाठी हाताखाली एखादी मुलगी मिळते का बघा. तो गाळा गेला तर दुसरा मिळेल, स्टँड कुठे जात नाही. आणि मुहूर्ताची काळजी वाटत असेल तर आपल्या जुन्या माणसांनी तीही सोय करून ठेवली आहे. साडेतीन मुहूर्तांना पंचांग बघावं लागत नाही, आणि दसरा त्यातला एक पुरा मुहूर्त आहे. दिवाळी आणि पुढची लग्नसराई त्याच्या पाठोपाठ येते. बोर्ड लावायचा झाला तर दसऱ्याला लावा, या वर्षीच्या किंवा पुढच्या.

मुलीचं मात्र थांबवू नका. इथे मी हिशेब मांडत नाही, हात जोडते. प्रवेशाच्या तारखा कुणासाठी थांबत नाहीत. तुमची साडेसाती संपेल 2032 मध्ये, तेव्हा ती 24 वर्षांची असेल. त्या वयाला बी. फार्म. होऊन ती दोन वर्षं नोकरी करत असू शकते, किंवा आईच्या राशीमुळे घरी राहिलेली मुलगी असू शकते. तिच्यासाठी भीती वाटते ती खरी आहे, पहिल्यांदा लेकरू लांब जातं तेव्हा प्रत्येक आईच्या पोटात कालवतं. त्याचा शनीशी संबंध नाही. तिच्याबरोबर पुण्याला जा, हॉस्टेल डोळ्यांनी बघा, मेसचं जेवण जेवून बघा, तिच्या दोन मैत्रिणींचे नंबर घ्या. कऱ्हाड ते पुणे रोज किती एसट्या धावतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पहाटे तीनला जाग येते, त्याबद्दलही सांगते. दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही, खाण्यावरची वासना उडाली, कशातच मन लागेना झालं, तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजायचं काही कारण नाही, वर्षभराच्या काळजीने शरीर थकतं. 14416 हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. फोन फुकट लागतो, रात्री-अपरात्री लागतो आणि मराठीत बोलता येतं. पहाटे तीनला वही उघडण्यापेक्षा तो लावा.

सुख कधी आहे, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या गावात महाबळेश्वराहून निघालेल्या दोन नद्या, कृष्णा आणि कोयना, समोरासमोर येऊन भेटतात. लोक लांबून ते बघायला येतात. तुम्ही प्रीतिसंगमावर शेवटच्या कधी गेलात? गेल्या वर्षभरातली एकही संध्याकाळ पत्रात नाही, म्हणून विचारते. सासूबाई काठीने चालू लागल्यात, तर त्यांना रिक्षाने तिथल्या बागेत घेऊन जा. वर्षभर भिंती बघून त्यांनाही कंटाळा आला असेल. यांनाही बोलवा. बढती हुकलेल्या माणसाशी घरात कुणी वर्षभर नीट बोललेलं नसतं, सगळे त्याला जपत असतात. घाटावर बसलात की त्यांचं ऐका. येताना भेळ घ्या. हे सगळं शंभर-दीडशे रुपयांत होतं आणि याला कुठली रास आडवी येत नाही.

आणखी एक काम सांगते, ते दसऱ्यानंतर पाच दिवसांनी करायचं. यंदाच्या कोजागिरीला भिशीतल्या बायकांना तुमच्या गच्चीवर बोलवा. दूध आटवायला ठेवा, चारोळी-वेलची घाला. अंधार पडल्यावर चंद्र पूर्वेला वर येईल. त्याच्याही थोडं वर, तळहात पसरून मोजलं तर वीतभर अंतरावर, एक पिवळसर ठिपका दिसेल. आजूबाजूच्या चांदण्या लुकलुकतील, तो लुकलुकणार नाही. तोच शनी. तेव्हा तो आपल्यापासून सव्वाशे कोटी किलोमीटरच्या आसपास असेल, आणि दुर्बीण मिळाली तर त्याची कडीही दिसेल. मुलगी सुट्टीला आली असेल तर तिला दाखवायला सांगा, फार्मसीच्या पोरींना दुर्बीणवाले मित्र असतात. वर्षभर ज्याचं नाव घेऊन तुम्ही जागताय, त्याला एकदा नीट बघून घ्या, मग खाली बसा आणि बायकांना दूध वाटा. त्यानंतरच्या शनिवारी डाव्या पानावर कोण कोण आलं होतं ते लिहा, आणि मला कळवा.

तुमची,
ताई